ब्रिटनची अफगाण यादी, गुप्त योजना आणि ६८३ दिवसांची मनाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडून अफगाण अर्जदारांची यादी फुटली आणि ती गोष्ट जवळपास दोन वर्षं दडवून ठेवली गेली. याबद्दल वाचक अजूनही विचारतात. काहींचे नातेवाईक लंडनला कर भरतात, काही माहिती अधिकाराचं काम करतात, काहींनी पुण्यात अफगाण विद्यार्थ्यांबरोबर खोली वाटून घेतलेली आहे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न १, ६ आणि ९ वाचा.

१. थोडक्यात सांगा, झालं काय?

फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयातल्या एका माणसाने ई-मेलबरोबर चुकीची फाइल पाठवली. तीत ब्रिटनमध्ये आश्रयासाठी अर्ज केलेल्या १८,७१४ अफगाणांची माहिती होती. मंत्रालयाला हे कळायला दीड वर्ष लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातल्या नऊ जणांचे तपशील फेसबुकवरच्या एका गटात झळकले, तेव्हा धावपळ सुरू झाली. १ सप्टेंबर २०२३ रोजी लंडनच्या हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. या विषयावर काही छापायचं नाही आणि असा हुकूम आहे हेही सांगायचं नाही. त्याच्या आडोशाला सरकारने एप्रिल २०२४ मध्ये लोकांना ब्रिटनमध्ये आणायची एक गुप्त योजना (एआरआर) काढली. १५ जुलै २०२५ रोजी हुकूम उठला आणि त्याच दिवशी संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी संसदेत सगळं सांगितलं. मधे गेले ६८३ दिवस.

२. अराप, एसीआरएस, एआरआर... इतक्या योजना कशासाठी?

अराप ही एप्रिल २०२१ मध्ये सुरू झालेली मुख्य योजना. ब्रिटिश सैन्याबरोबर काम केलेले दुभाषे, सैनिक, कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं तिच्यात येत. त्याआधी स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी 'एक्स ग्राशिया' नावाची जुनी योजना होती. फुटलेल्या यादीत या दोन्हींचे अर्जदार होते. एसीआरएस जानेवारी २०२२ ची. ती महिला हक्क कार्यकर्त्या, न्यायाधीश, अल्पसंख्याक अशांसाठी होती.

चौथी योजना एआरआर, म्हणजे अफगाणिस्तान रिस्पॉन्स रूट. वाद आहे तो हिच्यावर. यादी फुटल्यामुळे सर्वाधिक धोक्यात आलेले, पण अरापच्या निकषांत न बसणारे लोक तिच्यातून आणायचे होते. ही योजना जाहीर झालीच नाही. तिचं नाव लोकांनी ऐकलं ते ती बंद झाल्याचं सांगताना.

३. एवढी मोठी यादी चुकून जातेच कशी?

पाठवणारा माणूस अर्जदारांची पडताळणी करत होता. ब्रिटनमधल्या ओळखीच्या अफगाणांना थोडी नावं दाखवायची आणि 'हा खरंच आपल्याबरोबर होता का' असं विचारायचं, इतकंच त्याला करायचं होतं. फाइलमध्ये दीडशेच्या आसपास ओळी आहेत अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ३३,००० च्या घरात ओळी होत्या, फक्त पडद्यावर दिसत नव्हत्या. एक्सेलवर काम करणाऱ्या कुणालाही हे समजेल : ओळी लपवल्या तरी त्या फाइलमध्येच राहतात, आणि फाइल गेली की त्याही जातात.

अशी फाइल एका क्लिकवर बाहेर जाऊ शकत होती, हा माझ्या मते त्या माणसाच्या चुकीपेक्षा मोठा दोष आहे. जीव-मरणाशी गाठ असलेली अर्जप्रक्रिया हे मंत्रालय एक्सेलच्या तक्त्यांवर चालवत होतं. आणि त्याला आधी ठेच लागलेली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात अडकलेल्या २४५ जणांना एकच मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे टाकले गेले होते. त्या प्रकरणात माहिती आयुक्त कार्यालयाने (लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणावर नजर ठेवणारी ब्रिटनमधली संस्था) डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला ३,५०,००० पौंडांचा दंड केला. तारीख नीट पाहा. तो जाहीर झाला तेव्हा त्याहून कितीतरी मोठ्या गळतीबद्दल बोलायला बंदी होती.

४. सुपर-इंजंक्शन आणि साधा मनाई हुकूम यांत फरक काय?

साध्या मनाईत 'अमुक छापू नका' असं सांगितलेलं असतं, पण मनाई आहे हे छापता येतं. सुपर-इंजंक्शनमध्ये मनाईचा उल्लेखही चालत नाही. पूर्वी हे हत्यार बडे खेळाडू, नट आणि कंपन्या वापरत. इथे सरकारच्या अर्जावर ते पहिल्यांदाच निघालं, तेही ठरावीक वृत्तपत्रापुरतं नाही, ज्याला ज्याला माहीत होईल त्या प्रत्येकाविरुद्ध. डेली मेलच्या पत्रकाराला आधीच कुणकुण लागली होती. पुढे टाइम्स, इंडिपेंडंट वगैरेंचे लोक जसजसे खोदत आले तसतसे हुकुमाखाली येत गेले. सुनावण्या बंद दाराआड होत. काही वेळा तर पत्रकारांनाही बाहेर बसवून सरकारची बाजू ऐकली जाई आणि त्यांच्या वतीने सुरक्षा मंजुरी असलेले विशेष वकील आत जात.

५. एवढी कडक मनाई सरकारने मागितली, की न्यायाधीशांनीच दिली?

सरकारने सुमारे चार महिन्यांसाठी साधी मनाई मागितली होती. तेव्हाचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी नंतर हे ठासून सांगितलं. न्यायमूर्ती रॉबिन नोल्स यांनी तिचं सुपर-इंजंक्शन केलं. पण एवढ्यावरून सरकारला सोडून देता येत नाही. चार महिने कधीच उलटले. वॉलेस यांच्या जागी आलेल्या ग्रँट शॅप्स यांच्या काळात सरकार मुदतवाढ मागत राहिलं. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मार्टिन चेंबरलेन यांनी हुकूम उठवायचं ठरवलं, तर सरकार अपिलात गेलं आणि जिंकलं.

६. लोकांचे जीव वाचवायला गुप्तता ठेवली. यात चूक काय? यादी तालिबानच्या हाती लागली असती तर?

सगळ्यात जास्त आलेला आणि सगळ्यात रास्त प्रश्न. दोन गोष्टी वेगळ्या करू.

पहिली, अर्जदाराची ओळख गुप्त ठेवणं. याबद्दल वादच नाही. कुठल्याही देशातल्या निर्वासित योजनेत नाव, पत्ता, कुटुंब, कोणाविरुद्ध भीती आहे हे झाकूनच ठेवलं पाहिजे. सुरुवातीच्या आठवड्यांत गळतीची बातमी दाबणंही समजू शकतं. तालिबानला अशी फाइल आहे हेच कळू नये, तेवढ्यात माणसं हलवावीत, हा हिशेब होता. फेसबुककडून ती पोस्ट तीन दिवसांत काढूनही घेतली गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे योजनाच गुप्त ठेवणं. किती लोक आणायचे, कोणते निकष, किती पैसा, कोणत्या गावांत घरं, यातलं काहीच अर्जदाराच्या ओळखीत मोडत नाही. हे सरकारचे निर्णय आहेत. यादी लपवता लपवता ते निर्णयही लपले. न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी या स्थितीला छाननीची पोकळी म्हटलं. त्यांचा रोख असा की हजारो माणसं आणि प्रचंड पैसा यांचे निर्णय होत आहेत आणि त्यांवर बाहेरून प्रश्न विचारणारं कुणीच उरलेलं नाही.

आणि एक गोष्ट चर्चेत मागे पडते. ज्यांच्या जिवासाठी हे चाललं होतं, त्या अफगाण कुटुंबांपैकी बहुतेकांना काहीच सांगितलं नव्हतं. सावध होऊन घर बदलणं, फोन बदलणं, सीमा ओलांडणं हे त्यांना स्वतःहून करता आलं असतं. 'तुमचं नाव फुटलंय' हे १८,००० लोकांना कळवलं की गुपित गुपित राहत नाही, हे सरकारचं म्हणणं खरं आहे. पण मग एआरआरमध्ये ज्याचा नंबर लागला नाही त्याच्या वाट्याला धोका आला, माहिती मात्र आली नाही. गुप्ततेचा निवाडा करताना मी इथे अडतो.

७. संसदेला कुणीच सांगितलं नाही?

मोजक्या लोकांना सांगितलं. हीली विरोधी पक्षात असताना डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना माहिती देऊन हुकुमाखाली आणलं गेलं. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना मात्र जुलै २०२४ ची निवडणूक जिंकून मंत्री झाल्यावर कळलं. म्हणजे ती निवडणूक झाली तेव्हा निर्वासित हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता, योजना चालू होती, आणि मतदाराला ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

गुप्तचर आणि सुरक्षा समितीलाही अंधारात ठेवलं गेलं. हेरखात्यांची गुपितं बंद खोलीत तपासायची म्हणूनच कायद्याने ही समिती नेमलेली आहे. तिच्यापासून काय लपवायचं होतं, याचं पटेल असं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. समितीच्या अध्यक्षांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली आणि कागदपत्रं मागवली.

८. एखाद्या खासदाराने सभागृहात बोलून टाकलं असतं तर? त्याला कोर्टाने काय केलं असतं?

काही नाही. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सनुसार सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्ट जाब विचारू शकत नाही. २००९ मध्ये ट्राफिगुरा या तेल कंपनीचं सुपर-इंजंक्शन असंच एका खासदाराच्या लेखी प्रश्नामुळे उघड्यावर आलं होतं. पण त्यासाठी खासदाराला आधी माहीत असावं लागतं. इथे माहीत असलेले थोडे होते आणि 'तुमच्या एका वाक्याने माणसं मरतील' असं त्यांना सांगितलेलं होतं. कोण बोलणार?

९. खर्चाचे आकडे जुळत नाहीत. ४० कोटी, ८५ कोटी, ७ अब्ज... खरा कोणता?

गोंधळ होतो कारण हे वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत.

जुलै २०२५ पर्यंत एआरआरवर सुमारे ४० कोटी पौंड खर्च झाल्याचं हीली यांनी सांगितलं. त्यातून सुमारे ९०० अर्जदार आणि त्यांचे ३,६०० कुटुंबीय आले होते किंवा वाटेवर होते. योजना पुरी होईपर्यंत ८५ कोटी पौंड लागतील असा अंदाज होता. त्या वेळच्या दराने हे साडेनऊ हजार कोटी रुपयांच्या वर जातात. ७ अब्ज हा कोर्टाच्या कागदपत्रांतला जुना, सगळ्या अफगाण योजनांचा मिळून अंदाज आहे. हीली यांच्या मते ती एकूण रक्कम साडेपाच ते सहा अब्ज. त्यामुळे 'गळतीमुळे ७ अब्ज बुडाले' हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे.

पण थांबा, ८५ कोटी तरी पक्के आहेत का? आपल्या कॅगसारखं काम करणाऱ्या ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये हेच तपासलं. मंत्रालयाने गळतीमुळे झालेला खर्च हिशेबात वेगळा दाखवलेलाच नव्हता. तो एकूण अफगाण पुनर्वसनाच्या खर्चात मिसळलेला होता. त्यामुळे या अंदाजाची खात्री देता येत नाही, असं लेखापरीक्षकांनी म्हटलं. शिवाय कोर्टकचेरी आणि पुढे द्यावी लागू शकणारी भरपाई यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. खर्चाचं वेगळं खातं असतं तर कुणीतरी 'हे काय' असं विचारलं असतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील हा आहे.

१०. शेवटी 'धोका तेवढा नव्हताच' असा अहवाल आला म्हणे. मग सगळा खटाटोप फुकट?

संरक्षण गुप्तवार्ता विभागातले निवृत्त अधिकारी पॉल रिमर यांनी हीली यांच्या सांगण्यावरून परीक्षण केलं. त्यांचा निष्कर्ष असा की तालिबानकडे जुन्या सरकारची कागदपत्रं आणि इतर माहिती आधीपासून आहे, त्यामुळे केवळ या यादीत नाव असल्याने कुणी लक्ष्य होण्याची शक्यता कमी. उलट एवढी गुप्तता आणि खास योजना यांमुळेच यादीची किंमत वाढली असावी, असंही त्यांनी नोंदवलं. याच अहवालाच्या आधारे हुकूम उठला.

तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. हे परीक्षण २०२५ चं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या हाती ते नव्हतं. आणि 'यादीमुळे धोका वाढत नाही' म्हणजे 'धोका नाही' असं नव्हे. तालिबान आल्यापासून जून २०२३ पर्यंत माजी सैनिक आणि अधिकाऱ्यांच्या किमान २१८ बेकायदा हत्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनने नोंदवल्या होत्या. राहतो तो प्रश्न असा की असं परीक्षण आधी का झालं नाही. सरकारी अंदाजाला कोर्टात आव्हान देणाऱ्या पत्रकारांना बाहेरच्या तज्ज्ञाला विचारायचीही सोय नव्हती. विचारलं की हुकूम मोडला.

११. यादीत ब्रिटिश गुप्तहेरांचीही नावं होती हे खरं आहे का?

हो. विशेष दलांचे आणि एमआय-६ चे लोक धरून शंभरहून अधिक ब्रिटिशांचे तपशील त्यात होते. एखाद्या अर्जदाराची शिफारस करणारा म्हणून अधिकाऱ्याचं नाव येतं, तसे ते आले. १५ जुलैला मोठा हुकूम उठला तरी एवढ्या भागावर दुसरी मनाई होती. ती दोन दिवसांनी सैल झाली आणि मग हे छापता आलं. हीली यांनी पहिल्या दिवशी सभागृहात सांगितलेली हकीकत त्यामुळे अपुरी होती.

विशेष दलांचा विषय निघालाच आहे तर 'ट्रिपल्स'बद्दल सांगायला हवं, कारण हे गळतीपेक्षा जुनं आणि माझ्या मते जास्त गंभीर प्रकरण आहे. सीएफ ३३३ आणि एटीएफ ४४४ या अफगाण तुकड्या ब्रिटिश विशेष दलांच्या पैशाने आणि देखरेखीखाली लढल्या. तालिबानच्या सूडाचं पहिलं लक्ष्य हेच लोक. तरी त्यांचे अराप अर्ज धडाधड नामंजूर होत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीबीसी पॅनोरमाने दाखवलं की या अर्जांवर नकाराधिकार खुद्द विशेष दलांकडे होता. जवळपास २,००० अर्ज पुन्हा तपासायला घ्यावे लागले. ज्या नोंदी नाहीत म्हणून नकार दिला त्या सापडू लागल्या, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सुमारे चौथाई नकार उलटले.

याच काळात ब्रिटिश विशेष दलांनी अफगाणिस्तानात केलेल्या कथित बेकायदा हत्यांची न्यायालयीन चौकशी लंडनमध्ये चालू होती. ट्रिपल्सचे जवान त्या कारवायांत बरोबर असत. ते ब्रिटनमध्ये आले असते तर चौकशी आयोग त्यांना साक्षीला बोलावू शकला असता. परदेशात असलेल्याला बोलावता येत नाही. नकारांमागे हाच हेतू होता का, हे ठरवायचं काम आयोगाचं आहे. पण ज्यांच्याविरुद्ध साक्ष होऊ शकते त्यांनाच साक्षीदाराच्या व्हिसावर नकाराधिकार द्यायचा, ही व्यवस्था कुठल्या कागदावर मंजूर झाली हे कुणालाही विचारावंसं वाटेल.

१२. कुणाला शिक्षा झाली? भरपाई?

या गळतीसाठी माहिती आयुक्त कार्यालयाने दंड केला नाही. मंत्रालयाने नुकसान आवरायला बराच खर्च केला आहे आणि दंड भरायचा तो करदात्याच्याच पैशातून, असा साधारण सूर होता. म्हणजे २०२१ च्या छोट्या गळतीला दंड (प्रश्न ३) आणि मोठीला नाही. भरपाईचंही तसंच. जुन्या प्रकरणातल्या लोकांना प्रत्येकी ४,००० पौंडांपर्यंत देऊ केले, मोठ्या यादीतल्यांना मात्र 'कोर्टात लढू' असं मंत्रालयाचं म्हणणं.

ऑगस्ट २०२५ मध्ये बीबीसीने माहिती अधिकाराखाली विचारल्यावर आणखी एक आकडा बाहेर आला. अफगाण अर्ज हाताळणाऱ्या या विभागात चार वर्षांत ४९ गळत्या झाल्या होत्या. तोवर लोकांना माहीत होत्या चार.

१३. भारतात असं घडलं तर माहिती अधिकारात काही मिळेल का?

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. कोणाला ठेवायचं, कोणाला परत धाडायचं हे परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली आणि गृह मंत्रालयाच्या आदेशांवर चालतं. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा एका फटक्यात रद्द करून ई-व्हिसा सक्तीचा केला, तेव्हा सुटीत काबूलला गेलेले पुण्यातले अनेक विद्यार्थी तिकडेच अडकले. कोणाला नवा व्हिसा का मिळाला आणि कोणाला का नाही, याचे निकष त्यांना कुणी दाखवले नाहीत.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात मात्र काही चांगल्या जागा आहेत. देशाची सुरक्षा (कलम ८(१)(क)) किंवा कुणाच्या जिवाला धोका या कारणांनी माहिती नाकारता येते, पण ८(२) नुसार जनहित मोठं असेल तर ती देता येते. कलम १० सांगतं की नावं काळी करा आणि उरलेलं द्या. म्हणजे प्रश्न ६ मधली वाटणी आपल्या कायद्यात लिहिलेलीच आहे. गुप्तचर संस्थांना कलम २४ ने वगळलं आहे, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप असतील तर ती सवलत चालत नाही. ब्रिटनच्या कायद्यात विशेष दलांना सरसकट सूट आहे, अशी फट तिथे ठेवलेली नाही.

दुसरी बाजू म्हणजे आपल्याकडे सुपर-इंजंक्शनची गरजच क्वचित पडते. सरकारने आपले कागद फक्त न्यायाधीशांना दाखवायचे, तो सीलबंद लिफाफा आहे ना! मीडियावन वाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, तरी तिची सवय सुटलेली दिसत नाही.

१४. माझ्या अफगाण मित्राने अरापसाठी अर्ज केला होता. त्याचं नाव यादीत आहे का हे कसं कळेल?

पहिली गोष्ट तारीख. यादीत ७ जानेवारी २०२२ पर्यंत आलेले अर्ज आहेत. त्यानंतर अर्ज केला असेल तर या गळतीत नाव असायचं कारण नाही (इतर गळत्यांबद्दल अशी हमी देता येत नाही). त्याआधीचा अर्ज असेल तर ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासायची सोय केलेली आहे. अर्जाचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. नाव शोधून देतो म्हणून पैसे मागणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

यादीत असलेल्यांना मंत्रालयाचा सल्ला असा आहे : अनोळखी फोन आणि संदेशांना उत्तर देऊ नका, समाजमाध्यमांवरचं खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा, व्हीपीएन वापरा. नव्याने अर्ज मात्र करता येणार नाही. अराप आणि एसीआरएस १ जुलै २०२५ पासून नव्या अर्जांना बंद आहेत आणि एआरआरही बंद झाली. ज्यांना आधीच निमंत्रणं गेली आहेत ती पाळली जातील असं सरकारने म्हटलं आहे, त्यामुळे निमंत्रणाचं पत्र असेल तर ते सांभाळून ठेवायला सांगा, आणि त्याचा फोटो कुठल्याही गटात टाकू नका.